जुन्या संगणकांतील परिचालन प्रणालीबदल

एकदा वापरून झालेला व दुसऱ्या हाती आलेला संगणक पुन्हा उपयोगात आणताना त्यावरील मूळ परिचालन प्रणाली काढून तिच्या जागी नवी अथवा वेगळ्या जातीची प्रणाली बसविण्याची क्रिया. परिचालन प्रणाली ही संगणकाची यंत्रसामग्री व तीवर चालणाऱ्या इतर आज्ञावल्या यांमधील दुवा होय. व्यवहारात तिला ऑपरेटिंग सिस्टिम असेच म्हणतात. संगणक सुरू होताच कार्यस्मृतीत प्रथम तीच उतरते आणि कळफलक, पडदा, चकती, मुद्रक इत्यादींचे नियंत्रण स्वतःकडे घेते. प्रणाली बदलली, तरी यंत्र तेच राहते. परंतु त्याचा वेग, त्याची सुरक्षितता, त्यावर होऊ शकणारी कामे आणि त्यावर लिहिता येणारी लिपी या सर्वांवर त्या बदलाचा परिणाम होतो.

सायकल, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप झिजल्यामुळे जुना होतो. संगणकाच्या बाबतीत झीज हे दुय्यम कारण आहे. चकती व पंखा वगळल्यास त्यात हलणारे भाग फारसे नसतात आणि सूक्ष्मप्रक्रियक पंधरा-वीस वर्षे विनातक्रार चालू शकतो. असे यंत्र निकामी ठरते, ते बहुधा त्यावरील प्रणालीस तिच्या निर्मात्याचा आधार मिळेनासा झाल्यामुळे. म्हणजे यंत्र केव्हा जुने झाले, हे ठरविण्याचा अधिकार यंत्राच्या मालकापेक्षा प्रणालीच्या निर्मात्याकडे अधिक असतो. प्रणालीबदलाचा इतिहास हा मुख्यतः या अधिकाराच्या वाटणीचा इतिहास आहे. प्रस्तुत नोंदीत या क्रियेचा उगम, भारतातील व विशेषतः महाराष्ट्रातील तिची वाटचाल, मराठी लेखनावर झालेले तिचे परिणाम आणि चंद्रपूर–गडचिरोलीसारख्या खाणी व वने असलेल्या जिल्ह्यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

प्रारंभ : आरंभीच्या संगणकांना आजच्या अर्थाने परिचालन प्रणाली नव्हती. प्रत्येक कामाची आज्ञावली छिद्रपत्रांवरून किंवा फितीवरून यंत्रात भरली जाई आणि काम संपले की पुढील कामासाठी यंत्र मोकळे होई. ही कामे ओळीने व आपोआप व्हावीत म्हणून १९५०–६० या दशकात साध्या नियंत्रक आज्ञावल्या तयार झाल्या आणि त्यांतूनच परिचालन प्रणाली विकसित झाली. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या ‘सिस्टिम/३६०’ या यंत्रमालिकेसोबत अनेक आकारांच्या यंत्रांवर चालणारी प्रणाली देण्याची कल्पना रूढ झाली. तथापि प्रणाली व यंत्र यांचा निर्माता एकच असे. एका कंपनीच्या यंत्रावर दुसऱ्याची प्रणाली बसविणे ही दुर्मिळ गोष्ट होती.

या परिस्थितीत पहिला मोठा बदल घडविला तो यूनिक्स या प्रणालीने, आणि तिचा जन्म एका जुन्या यंत्रावरच झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांना १९६९ मध्ये पीडीपी-७ या जातीचा एक फारसा वापरात नसलेला संगणक मिळाला. तो तोपर्यंत कालबाह्य होत आला होता. त्यावर टॉम्पसन व डेनिस रिची यांनी स्वतःची प्रणाली रचली. पुढे १९७३ मध्ये तिचा बहुतेक भाग ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. त्यामुळे ती विशिष्ट यंत्राला बांधलेली राहिली नाही व निरनिराळ्या जातींच्या संगणकांवर नेता येऊ लागली. प्रणाली ही यंत्रापासून वेगळी करता येते व एकाच्या जागी दुसरी बसविता येते, हे तत्त्व यातून व्यवहारात सिद्ध झाले.

भारतातील भाड्याची यंत्रे : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. परंतु व्यापारी क्षेत्रात १९६०–७० या दशकात वर्चस्व होते ते आयबीएमच्या ‘१४०१’ या यंत्राचे. हे यंत्र मुळात १९५९ मध्ये बाजारात आले. भारतात ते विकले जात नसून मासिक भाड्याने दिले जाई. इतर देशांतील ग्राहकांनी परत केलेली यंत्रे भारतात आणून, दुरुस्त करून, पुन्हा भाड्याने देण्याची या कंपनीची पद्धत होती. म्हणजे दुसऱ्या हाती आलेला संगणक हा भारतातील संगणकयुगाच्या आरंभापासूनच या देशाच्या वाट्याला आलेला आहे. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये शासकीय खात्यांतील संगणकीकरणाचा आढावा घेताना या पद्धतीवर टीका केली.

परकीय चलन नियमन अधिनियम १९७३ नुसार परकीय कंपन्यांनी भारतातील आपले भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत उतरविणे अपेक्षित होते. आयबीएमने ते मान्य न केल्याने १९७८ मध्ये तिने भारतातील आपला व्यवसाय बंद केला. ग्राहकांकडे असलेल्या यंत्रांची देखभाल करणार कोण, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला. ती जबाबदारी भारत सरकारने १९७५ मध्ये स्थापन केलेल्या कॉम्प्यूटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या कंपनीने स्वीकारली. निर्माता देश सोडून गेला असतानाही त्याची यंत्रे भारतीय तंत्रज्ञांनी चालू ठेवली. मूळ निर्मात्याच्या आधाराविना जुना संगणक वापरात ठेवणे शक्य आहे, याचा हा देशातील पहिला मोठा अनुभव होय. मात्र त्यासाठी यंत्राचे आराखडे, सुटे भाग व कुशल माणसे उपलब्ध असावी लागतात, हेही त्यातून स्पष्ट झाले.

व्यक्तिगत संगणक व प्रणालीचे बंधन : आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये व्यक्तिगत संगणक बाजारात आणला. तेव्हा त्यासाठी तीन प्रणाली विकत मिळत : मायक्रोसॉफ्ट कंपनीने पुरविलेली डॉस, गॅरी किल्डॉल यांच्या कंपनीची सीपी/एम-८६ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेली पी-सिस्टिम. ग्राहकाने निवड करावी, ही कल्पना त्या वेळी स्वाभाविक होती. डॉसची किंमत सर्वांत कमी असल्याने ती रूढ झाली आणि याच जातीचे संगणक इतर कंपन्याही बनवू लागल्यावर तिचा प्रसार जगभर झाला. संगणक उत्पादकाने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे, त्यावर ही प्रणाली असो वा नसो, शुल्क द्यावे, असे करार मायक्रोसॉफ्टने केले होते. अमेरिकेच्या न्याय खात्याशी १९९४ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार ते थांबविण्यात आले. तोपर्यंत संगणक घेतला की त्यासोबत विशिष्ट प्रणाली येणारच, हे ग्राहकांच्या अंगवळणी पडले होते.

भारतात १९८४ च्या नव्या संगणक धोरणामुळे आयातीवरील निर्बंध सैल झाले व व्यक्तिगत संगणक कार्यालयांत दिसू लागले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे सुट्या भागांचे व जुन्या यंत्रांचे मोठे केंद्र बनले. महाराष्ट्रात संगणकाचे प्राथमिक शिक्षण तालुका पातळीपर्यंत पोहोचविण्याचे काम २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने केले. शासकीय नोकरीसाठी संगणकज्ञानाचा पुरावा म्हणून त्यास मान्यता असल्याने लक्षावधी लोकांची संगणकाशी पहिली ओळख या अभ्यासक्रमातून झाली. ही ओळख मुख्यतः विंडोज प्रणालीच्या द्वारा झाली आणि संगणक म्हणजेच विंडोज असा समज सर्वत्र दृढ झाला.

जुना संगणक विकत घेणाऱ्यापुढे येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. यंत्रासोबत आलेल्या प्रणालीचा परवाना सामान्यतः त्याच यंत्रापुरता असतो. यंत्राच्या पेटीवरील परवान्याची चिठ्ठी फाटलेली असली किंवा मूळ चकती हरवली असली, की नव्या मालकाला तीच प्रणाली अधिकृतपणे पुन्हा बसविणे अवघड जाते. अशा वेळी दुकानदाराकडून अनधिकृत प्रत बसवून घेण्याचा प्रघात पडला. आज्ञावली उत्पादकांच्या एका जागतिक संघटनेच्या अंदाजानुसार २०११ मध्ये भारतातील व्यक्तिगत संगणकांवर बसविलेल्या आज्ञावल्यांपैकी ६३% विनापरवाना होत्या. प्रताधिकार अधिनियम १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा ठरविण्यात आला असून त्यासाठी किमान सात दिवसांचा कारावास व पन्नास हजार रुपयांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आर्थिक लाभ वा व्यापार हा हेतू नसल्यास न्यायालय कारावासाची शिक्षा टाळू शकते.

मुक्त प्रणालींचा उदय : या बंधनातून बाहेर पडण्याचा मार्ग मुक्त आज्ञावलीच्या चळवळीने दाखविला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी यूनिक्ससारखी प्रणाली निर्माण करणे, हा त्याचा हेतू होता. या तत्त्वाला कायदेशीर रूप देणारा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ‘३८६’ जातीच्या सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा प्रणालीचा गाभा लिहिला. त्यांनी आपल्या नव्या संगणकावर प्रथम मिनिक्स ही शैक्षणिक प्रणाली बसविली होती. तिच्या मर्यादांतून लिनक्स निर्माण झाली. १९९२ मध्ये लिनक्स सार्वजनिक परवान्याखाली आल्यावर ग्नू प्रकल्पातील साधने व हा गाभा यांच्या संयोगाने संपूर्ण मुक्त प्रणाली उपलब्ध झाली. डेबियन (१९९३) व उबुंटू (२००४) ही तिची प्रसिद्ध संकलने होत.

जुन्या संगणकाच्या दृष्टीने दोन गोष्टी विशेष उपकारक ठरल्या. एक म्हणजे २००० मध्ये आलेल्या नॉपिक्स या संकलनाने लोकप्रिय केलेली सजीव चकतीची पद्धत. हिच्यामुळे मूळ चकतीवरील काहीही न पुसता नवी प्रणाली तात्पुरती चालवून पाहता येऊ लागली. दुसरी म्हणजे एक्सएफसीई, एलएक्सडीई यांसारखी हलकी दर्शनी आवरणे. प्रणालीचा गाभा तोच ठेवून पडद्यावरील सजावट कमी केल्याने थोडी कार्यस्मृती असलेली यंत्रेही समाधानकारक चालू लागली.

भारतात या चळवळीला संस्थात्मक पाठबळ मिळाले. मुक्त आज्ञावली प्रतिष्ठानाची भारतीय शाखा २००१ मध्ये तिरुअनंतपुरम येथे सुरू झाली. प्रगत संगणन विकास केंद्राच्या चेन्नई शाखेने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. केरळ राज्याने शालेय संगणक शिक्षणात लिनक्सचा व्यापक स्वीकार केला. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मुक्त आज्ञावली व ध्वनिचित्र पाठ यांविषयीचे प्रकल्प उल्लेखनीय आहेत. त्यांतील अनेक पाठ मराठीतही आहेत. केंद्र शासनाने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामांत मुक्तस्रोत आज्ञावलींस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

मराठी लेखनाचा प्रश्न : मराठी भाषकांच्या दृष्टीने प्रणालीबदलाचे सर्वांत गंभीर अंग लिपीशी निगडित आहे. संगणकात अक्षरे संख्यांच्या रूपात साठविली जातात. कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यावयाची, याचे संकेत प्रणालीला ठाऊक असावे लागतात. डॉसच्या काळात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्र कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत निर्माण झाले व पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने ते विकसित केले. यासाठी संगणकात एक स्वतंत्र इलेक्ट्रॉनीय पत्ता बसवावा लागे. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने प्रसिद्ध केले.

विंडोजच्या आरंभीच्या आवृत्त्यांना देवनागरी येत नव्हती. त्यामुळे रोमन अक्षरांच्या संख्यांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले टंक प्रचारात आले. १९९०–२००० या दशकातील व त्यानंतरच्याही काही वर्षांतील मराठी वृत्तपत्रे, पुस्तके, शाळांचे अहवाल, ग्रामपंचायतींची पत्रे व लग्नपत्रिका अशाच टंकांत जुळविल्या गेल्या. हे लेखन संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतेच. टंक काढून घेतला की त्याजागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. काही आज्ञावल्या चालण्यासाठी संगणकामागे डोंगल नावाचे कुलुपासारखे उपकरण जोडावे लागे आणि नव्या प्रणालीसाठी त्याची चालक आज्ञावली नसे. परिणामी जुन्या संगणकावरील प्रणाली बदलताच त्यावर वर्षानुवर्षे जमलेला मजकूर वाचता येईनासा होण्याचा धोका निर्माण झाला.

यावरील खरा उपाय म्हणजे युनिकोड ही जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेतमाला. तिच्यात १९९१ पासूनच देवनागरीचा अंतर्भाव होता. परंतु प्रत्यक्ष उपयोगासाठी प्रणालीने तिचा स्वीकार करणे आवश्यक होते. विंडोज २००० या आवृत्तीत मराठीची सोय प्रथम आली. २००१ मधील विंडोज एक्सपीमध्येही ती होती. मात्र ती आपोआप सुरू नसे, मूळ चकती घालून जटिल लिप्यांचा भाग वेगळा बसवावा लागे. लिनक्ससाठी रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली दिला. मराठीत ल व श ही अक्षरे हिंदीहून वेगळ्या वळणाची असतात. त्यांसाठी लोहितचे स्वतंत्र मराठी रूपही तयार झाले.

आकारांवर आधारलेला मजकूर युनिकोडमध्ये नेणे दिसते तितके सोपे नाही. जुन्या टंकांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठविली जात. युनिकोडमध्ये ती उच्चारक्रमाने साठविली जातात. उदा., ‘किती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत क च्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. ‘सूर्य’ या शब्दातील रफार जुन्या पद्धतीत य च्या नंतर, तर युनिकोडमध्ये र हा य च्या आधी येतो. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्येही दोन प्रकारे लिहिला जातो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना भिन्न मानतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. तथापि प्रत्येक टंकाची रचना निराळी असल्याने रूपांतरित मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा लागतो.

अक्षरांच्या वाढीचाही येथे संबंध येतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एप्रिल २००८ मधील ५·१ या आवृत्तीत समाविष्ट झाले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित करताना ॲ व ऑ यांस तीत स्थान दिले. २००१ मध्ये तयार झालेल्या प्रणालीच्या मूळ टंकात हे अक्षर असणे शक्यच नव्हते. म्हणजे मालकाने प्रणाली अद्ययावत केली नाही, तर त्याचे यंत्र राज्याने मान्य केलेली पूर्ण वर्णमालाही दाखवू शकत नाही.

आधाराची मुदत : प्रणालीतील उणिवा वेळोवेळी दूर करणाऱ्या दुरुस्त्या निर्माता पुरवितो. त्या थांबल्या की यंत्र चालू असूनही असुरक्षित होते. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शेवटच्या प्रणालीसाठी वैयक्तिक ग्राहकांना एक वर्षाची वाढीव सुरक्षा योजना देण्यात आली. दुरुस्त्या न बसविलेल्या यंत्रांचा धोका मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगाला दाखविला. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती प्रसृत केली. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या हल्ल्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते.

नव्या आवृत्तीकडे जाण्याचा मार्गही प्रत्येक यंत्राला खुला नसतो. एक्सपीस किमान ६४ मेगाबाइट कार्यस्मृती पुरत असे. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे ६४ पट स्मृती लागते. शिवाय विश्वसनीय मंच घटक नावाची सुरक्षा चिप व विशिष्ट पिढीनंतरचा सूक्ष्मप्रक्रियक असण्याची अट आहे. इंटेल कंपनीचे सु. २०१७ पूर्वीचे बहुतेक सूक्ष्मप्रक्रियक त्यामुळे अधिकृतपणे अपात्र ठरतात. कार्यालयांतून अशी यंत्रे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात येणे हा याचा स्वाभाविक परिणाम होय.

ही वाट मुक्त प्रणालींतही काही प्रमाणात आढळते. ज्या ३८६ सूक्ष्मप्रक्रियकावर लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार खुद्द लिनक्सने २०१२ च्या अखेरीस काढून टाकला. उबुंटूने २०१७ मध्ये व डेबियनने ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ३२-बिट व्यक्तिगत संगणकांवर नव्याने प्रणाली बसविण्याची सोय थांबविली. फरक इतकाच की, मूळ आज्ञावली सर्वांस उपलब्ध असल्याने एका गटाने सोडलेले यंत्र दुसरा गट सांभाळू शकतो.

बदलाची पद्धती : प्रत्यक्ष कामात पुढील क्रम पाळतात. प्रथम जुन्या चकतीवरील आवश्यक मजकूर व विशेषतः मराठी टंकांच्या धारिका अन्य साधनावर उतरवून घेतात. टंक जपला असेल, तर जुना मजकूर नव्या प्रणालीवरही दिसू शकतो. नंतर सूक्ष्मप्रक्रियक ३२-बिट की ६४-बिट आहे, कार्यस्मृती किती आहे व बिनतारी जाळ्याचा घटक कोणत्या जातीचा आहे, याची नोंद करतात. चालक आज्ञावलीचा अभाव सर्वाधिक जाणवतो तो याच घटकाच्या व मुद्रकाच्या बाबतीत. मग नवी प्रणाली यूएसबी साधनावर उतरवून, संगणकाच्या मूलभूत मांडणीत त्या साधनावरून सुरू होण्याचा पर्याय निवडून ती तात्पुरती चालवून पाहतात. पडदा, आवाज, जाळे व मुद्रक ठीक चालल्याची खात्री झाल्यावरच ती कायमची बसवितात. आधीच्या मालकाचा मजकूर केवळ काढून टाकल्याने नाहीसा होत नाही. तो पुन्हा मिळू नये यासाठी संपूर्ण चकतीवर नवे लेखन करणे अथवा घन-अवस्था चकतीच्या बाबतीत तिच्यातील खास पुसण्याची आज्ञा वापरणे योग्य असते. फिरत्या चकतीऐवजी घन-अवस्था चकती बसविल्यास जुन्या यंत्राच्या वेगात जी वाढ होते, ती बहुधा प्रणालीबदलाने होणाऱ्या वाढीपेक्षाही अधिक असते.

खाणक्षेत्र व वनजिल्हे : चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या वणी क्षेत्रातील कोळशाच्या खाणी, सिमेंट कारखाना व स्पंज लोखंडाचा उद्योग यांसाठी प्रसिद्ध आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये गंभीर प्रदूषित ठरविलेल्या चंद्रपूर औद्योगिक समूहात घुग्घुसचा समावेश होता. उन्हाळ्यात या भागातील तापमान ४५° से.च्या वर जाते. अशा ठिकाणी जुन्या संगणकाच्या मंदगतीचे कारण नेहमीच प्रणालीत नसते. सूक्ष्मप्रक्रियकावरील उष्णताविसर्जक पट्ट्यांत बारीक धूळ साचली, की तो तापतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करतो किंवा यंत्र बंद पाडतो. म्हणून धुळीच्या प्रदेशात पंखा व पट्ट्या स्वच्छ करणे आणि सुकलेला उष्णतावाहक लेप बदलणे ही प्रणालीबदलाच्या आधीची पायरी मानली पाहिजे. अन्यथा दोष यंत्रात व उपचार प्रणालीवर अशी स्थिती होते.

या जिल्ह्यांच्या बाबतीत लिपीचा प्रश्नही नव्या रूपाने पुढे आला आहे. गोंडी ही चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत बोलली जाणारी द्राविडी कुळातील भाषा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात तिचे सु. २९·८ लक्ष भाषक होते. तिच्या लेखनासाठी बालाघाट येथील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये स्वतंत्र लिपी रचली. चंद्रपूरला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबाद भागात गुंजाला या गावी सापडलेल्या हस्तलिखितांतून दुसरी एक लिपी प्रकाशात आली. युनिकोडमध्ये मसराम गोंडी लिपी जून २०१७ मध्ये व गुंजाला गोंडी लिपी जून २०१८ मध्ये समाविष्ट झाली. त्यापूर्वी विकास थांबलेल्या प्रणालींना या लिप्या ठाऊक असणे शक्य नाही. केवळ टंक बसवूनही पूर्णपणे भागत नाही. जोडाक्षरे व स्वरचिन्हे योग्य जागी मांडण्याचे नियम प्रणालीत असावे लागतात. याउलट, त्याच जुन्या यंत्रावर अलीकडील मुक्त प्रणाली व ‘नोटो’ या मुक्त टंकमालेतील गोंडी टंक बसविले, तर दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक त्याच्या निर्मितीच्या वेळी संकेतमालेत नसलेली लिपी दाखवू शकतो. यंत्राचे वय प्रणालीने वाढविता येते, त्याचप्रमाणे त्याची भाषाही वाढविता येते, याचे हे बोलके उदाहरण होय.

मर्यादा व मूल्यमापन : प्रणालीबदल हा सर्व अडचणींवरील उपाय नव्हे. विशिष्ट लेखा-आज्ञावल्या, काही शासकीय संकेतस्थळांना लागणारी अंकीय स्वाक्षरीची साधने व काही मुद्रक अजूनही विंडोजवरच नीट चालतात. ज्या कार्यालयाचे काम अशा आज्ञावल्यांवर अवलंबून आहे, तेथे बदलामुळे गैरसोय होऊ शकते. नव्या प्रणालीची सवय होण्यास काळ लागतो आणि अडचण आल्यास गावातील दुरुस्तीच्या दुकानात तिची माहिती असणारा मनुष्य मिळेलच असे नाही. केवळ प्रणाली फुकट मिळते म्हणून केलेला व मागे शिकविणारे कोणी नसलेला बदल बहुधा टिकत नाही. १९७८ नंतरच्या अनुभवाचा धडा येथेही लागू पडतो : निर्मात्याच्या आधारावाचून यंत्र चालते, ते ते जाणणारी माणसे जवळ असतील तरच.

पर्यावरणाच्या दृष्टीने मात्र या क्रियेचे महत्त्व वाढत आहे. संगणकात शिसे, कॅडमियम यांसारखे घातक धातू असतात आणि त्याच्या उत्पादनात बरीच ऊर्जा व पाणी खर्ची पडते. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम १ मे २०१२ पासून अमलात आले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांत जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद असून त्यामुळे या व्यवसायाला नियमांत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. यंत्राचे आयुष्य काही वर्षांनी वाढविणे हा कचरा टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. शाळा, ग्रंथालये व ग्रामपंचायती यांच्याकडील जुने संगणक निर्लेखित करण्यापूर्वी ते दुसऱ्या प्रणालीवर चालतात का, हे पाहणे आणि त्यांवरील जुन्या टंकांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. पहिल्याने यंत्र वाचते, दुसऱ्याने गेल्या तीन दशकांतील स्थानिक लेखनाचा मोठा व अन्यत्र उपलब्ध नसलेला भाग वाचतो. अशा यंत्रांची चकती एकदा भंगारात गेली की हा मजकूर परत मिळविता येत नाही.